कानपूरच्या भंगारातून उडालेली विमानं

(दीपनगर वसाहतीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकून काही जणांनी मला दारातच विचारलं, की भाऊ, दीपनगरात बॉम्बर विमानांचं काय काम? इथं चिमण्या आहेत, कूलिंग टॉवर आहेत, राख आहे, आणि मे महिन्यातलं ४६ डिग्रीचं ऊन आहे. विमान दिसतं ते वरून जाणारं, एक पांढरी रेघ. प्रश्न बरोबर आहे. पण तासाभरानंतर हा विषय तुम्हाला परका वाटणार नाही, असं मला वाटतं. कारण ही गोष्ट वैमानिकांची जितकी आहे तितकीच फिटरची, वेल्डरची आणि स्टोअरकीपरची आहे. आणि ती माणसं तर या सभागृहात भरपूर आहेत. मी स्वतः तीस वर्षं टर्बाइन मेंटेनन्समध्ये काढली, म्हणून त्याच बाजूनं बोलणार आहे.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. यावलजवळच्या आमच्या गावातून हवाई दलात गेलेला तो पहिला माणूस. वैमानिक नव्हता, इंजिन फिटर होता. पुण्याला लोहगावच्या तळावर त्याची बरीच वर्षं गेली. सुट्टीवर यायचा तेव्हा मनमाडला गाडी बदलून भुसावळला उतरायचा आणि तिथून एसटीनं गावी. आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करायचो. तो ‘लिब्रेटर’ म्हणायचा. आम्हाला वाटायचं, हे कुठल्या तरी साहेबाचं नाव असावं. बरंच मोठं झाल्यावर कळलं, की ते विमान. बी-२४ लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं अमेरिकन बॉम्बर.

मामा दोन गोष्टी नेहमी सांगायचा. एक म्हणजे, ‘या इंजिनातून तेल गळत नसेल तर समजावं, टाकीतलं तेल संपलंय.’ आणि दुसरी, सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पंखा हातानं फिरवावा लागतो. का? तर इंजिन गोलाकार असतं, सिलिंडर चहूबाजूंनी चाकाच्या आऱ्यांसारखे. रात्रभर उभं राहिलं की तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. तसंच स्टार्टर मारलं तर पिस्टन तेलावर आपटतो, तेल काही दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून दोघं-तिघं मिळून पंख्याचं एकेक पातं खाली ओढायचं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. मामा हातांनी करून दाखवायचा. आम्हाला ते विहिरीतून पाणी ओढल्यासारखं दिसायचं.

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता थोडा इतिहास. लिबरेटर हे त्या युद्धात सगळ्यात जास्त संख्येनं बनलेलं बॉम्बर. अठरा हजारांच्या वर विमानं बनली. मिशिगनमध्ये विलो रन इथं फोर्ड कंपनीनं एवढा मोठा कारखाना उभा केला, की उत्पादन जोरात असताना साधारण तासाला एक विमान बाहेर पडायचं. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत ११० फूट. प्रॅट अँड व्हिटनीची चार इंजिनं, प्रत्येकी १४ सिलिंडर आणि १,२०० अश्वशक्ती. शिवाय प्रत्येक इंजिनाला टर्बो-सुपरचार्जर. तुम्हाला टर्बाइन शिकवायला नको. इंजिनाचा धूर बाहेर सोडण्याआधी टर्बाइनवरून न्यायचा, टर्बाइननं कॉम्प्रेसर फिरवायचा, आणि उंचावरच्या विरळ हवेतही इंजिनाला दाबानं हवा द्यायची. गंमत म्हणून हिशेब करा. चार इंजिनं मिळून ४,८०० अश्वशक्ती, म्हणजे साडेतीन मेगावॅटच्या आसपास. आपला पहिला संच ६२.५ मेगावॅटचा होता. म्हणजे सतरा-अठरा लिबरेटर एका वेळी पूर्ण ताकदीनं घोंघावली, की आपला पहिला संच.

ही विमानं भारतात आली ती ब्रह्मदेशातल्या लढाईसाठी. बंगालमध्ये दिग्री, सालबोनी, धुबालिया अशी नावं आहेत, तिथून ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर रंगूनवर, ब्रह्मदेशातल्या रेल्वेवर, पुलांवर, गोद्यांवर जायची. दहा-दहा, बारा-बारा तासांची उड्डाणं. अमेरिकनांची त्याहून मोठी बी-२९ विमानं खरगपूरच्या आसपासच्या तळांवर होती. भुसावळहून नागपूरमार्गे जी लाइन हावड्याला जाते, तिच्यावरचंच हे खरगपूर.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपलं, आणि या सगळ्या विमानांचं करायचं काय, हा प्रश्न आला. ही विमानं ब्रिटिशांना अमेरिकेनं उधार-उसनवारीच्या करारावर दिलेली होती. युद्ध संपल्यावर एक तर परत करा, नाही तर पैसे मोजा, नाही तर नष्ट करा. परत नेणं महागाचं, विकत घेणंही महागाचं. मग पुष्कळ लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर गोळा केली आणि निकामी केली. सांगतात, की उपकरणं कुदळीनं फोडली, इंजिनांत वाळू घातली, ट्रकची धडक देऊन सांगाडे चेमटवले. पुन्हा कुणी उडवू नये, हाच हेतू. आणि मग ती पडून राहिली. उन्हात, पावसात, दोन-तीन वर्षं.

मग १९४७ उजाडलं. ऑक्टोबरमध्ये काश्मीरचं युद्ध सुरू झालं, आणि नव्या देशाच्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बर नव्हतं. डाकोटासारख्या मालवाहू विमानांतून माणसांनी हातानं ढकलून बॉम्ब टाकले, इतकी निकड होती. तेव्हा कुणाला तरी कानपूरचा तो ढीग आठवला.

इथं आपल्या महाराष्ट्राचा एक धागा येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरमध्ये म्हैसूर संस्थानच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली होती. युद्धात सरकारनं ती ताब्यात घेतली, आणि अमेरिकन लष्कराचा दुरुस्ती डेपो म्हणून तिथं मोठं काम झालं. म्हणजे अमेरिकन विमान उघडायचं कसं आणि जोडायचं कसं, हे शिकलेले हात बंगळूरला तयार होते. त्या कंपनीची माणसं चकेरीला गेली. त्यांनी काय केलं, हे सांगायला तुमच्यापुढं जास्त शब्द लागणार नाहीत. एका विमानाचं शेपूट, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन. आपण नाही का एका संचाचा पंप काढून दुसऱ्याला लावला? त्यांनी एक विमान बंगळूरपर्यंत उडू शकेल इतपत उभं करायचं, आणि बंगळूरला नेऊन पूर्ण ओव्हरहॉल करायचं.

ते उडवायचं कुणी? कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक होते जमशेद कैकोबाद मुन्शी. लिबरेटर चालवण्याचा त्यांना आधी अनुभव नव्हता. त्यांनी ती विमानं एकेक करून कानपूरहून बंगळूरला आणली. एक गेलं, परत आले, दुसरं घेऊन गेले. अशी चाळीसच्या वर विमानं त्या ढिगातून उठून उभी राहिली. नोव्हेंबर १९४८ मध्ये यातल्याच विमानांवर भारतीय हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली, कानपूरलाच. पुढे जेट बॉम्बर आली, तशी ही जुनी विमानं समुद्रावरच्या टेहळणीला गेली. ते काम होतं पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनचं. तिचं टोपणनाव ड्रॅगन्स. मामा याच स्क्वाड्रनला होता. ज्यांना निकामी केलं होतं ती विमानं भारतात १९६८ सालच्या अखेरपर्यंत उडत राहिली. वीस वर्षं! अमेरिकेनं आपली लिबरेटर युद्ध संपताच भट्टीत वितळवायला सुरुवात केली होती. आपण मात्र माणूस चंद्रावर जायच्या आदल्या वर्षापर्यंत ती चालवली.

आणि १९६८ सालीच इथं आपला पहिला संच सुरू झाला. योगायोग आहे, त्यात फार अर्थ शोधू नका. पण मला तो आठवत राहतो. तिकडे एक जुनं यंत्र थांबलं, त्याच वर्षी इकडे एक नवं फिरायला लागलं.

आता गंमत बघा. १९६८ मध्ये जगाच्या लक्षात आलं, की अठरा हजारांपैकी लिबरेटर कुठं उरलीच नाहीत. आणि ज्यांच्याकडे चालू अवस्थेत आहेत, तो देश म्हणजे भारत. मग संग्रहालयांची रीघ लागली. एक विमान कॅनडाला गेलं, त्याच्या बदल्यात त्यांनी आपल्याला लायसँडर जातीचं जुनं विमान दिलं. एक १९६९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनच्या पिमा संग्रहालयात गेलं, आणि इथून तिथपर्यंत उडत गेलं. एक १९७४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयासाठी इंग्लंडला गेलं, तेही उडत. आज जगात जी मोजकी लिबरेटर शाबूत आहेत, त्यातली बरीचशी आपल्या फिटर लोकांच्या हाताखालून गेलेली आहेत.

एक आपल्याकडेही ठेवलं आहे. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात. क्रमांक एचई ९२४. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते नोकरीत असताना, एका ट्रेनिंगसाठी दिल्लीला गेलो होतो तेव्हा. रविवारची सुट्टी होती. कॅनडाकडून आलेलं ते लायसँडरही तिथंच आहे. लिबरेटरच्या पोटाखाली वाकून पाहिलं. आत जाता येत नाही. मी बाहेरूनच इंजिनांकडे पाहत राहिलो. बरोबरचे मित्र म्हणाले, ‘चला, चांदनी चौकात पराठे खायचे आहेत.’ मी गेलो. घरी आल्यावर मामाला फोन केला. तो तेव्हा सत्तरीच्या पुढं होता, गावी राहायचा. मी म्हटलं, तुमचं विमान पाहिलं. त्यानं एकच विचारलं, ‘खाली ट्रे ठेवलाय का? तेल गळत असेल.’

मामा एक वही ठेवायचा. निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. रोज कोणत्या क्रमांकाच्या विमानावर काम केलं, काय बदललं, काय बिघडलं, हे तीत लिहिलेलं. सरकारी लॉगबुक वेगळं, ही त्याची स्वतःची. मी लहानपणी ती चाळली होती. आकडेच आकडे होते, मला कंटाळा आला.

मामा गेला. त्यानंतर काही वर्षांनी गावचं घर विकायचं ठरलं. सगळे जमलो, दोन दिवसांत घर रिकामं करायचं होतं. पितळेची भांडी कुणाला, कपाट कुणाला, यात सगळ्यांचं लक्ष. मामाची पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. ट्रंक चांगली होती. आतले कागद मी रद्दीवाल्याला दिले. मी दिले. दुसऱ्या कुणी नाही. तराजूवर पडताना तो निळा पुठ्ठा दिसलाही होता मला.

पुढे २०१४ मध्ये मी मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो. तिकडे कॉलिंग्ज फाउंडेशन नावाची संस्था होती, ती महायुद्धातली जुनी विमानं घेऊन वर्षभर गावोगाव फिरायची. आपल्याकडे तमाशाचे फड फिरतात ना, तसं. एका गावी तीन-चार दिवस, की पुढचं गाव. मे महिन्यात ती मॉफेट फील्डला यायची. बारा-एक डॉलरमध्ये विमानात शिरून पाहता यायचं, आणि साधारण साडेचारशे डॉलर दिले तर अर्ध्या तासाची फेरी. मुलानं वाढदिवसाची भेट म्हणून फेरीचं तिकीट काढलं. मी किंमत ऐकून दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही.

तिथं गेल्यावर समजलं, की त्यांचं लिबरेटर म्हणजे आपलंच. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासला बनलेलं, ब्रिटिशांना दिलेलं, भारतात टाकून दिलेलं, आपण उठवलेलं. भारतीय हवाई दलातला क्रमांक एचई ७७१. निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं पडून होतं. १९८१ मध्ये एका इंग्रज संग्राहकानं घेतलं, सुटं करून इंग्लंडला नेलं, आणि १९८४ मध्ये कॉलिंग्ज यांनी विकत घेऊन अमेरिकेला आणलं. आधी नुसतं उभं करून ठेवायचा विचार होता. पण युद्धात लिबरेटरवर असलेल्या म्हाताऱ्यांनी आग्रह धरला, की उडवा. पाच वर्षं काम चाललं, लाखो रिव्हेट बदलले, आणि १९८९ मध्ये ते उडालं.

आम्ही सकाळी लवकर पोचलो होतो. बाजूला मॉफेटचं ते जुनं अवाढव्य हँगर, वरचा पत्रा काढून नुसता सांगाडा उभा. समोर विमान. आणि निळ्या टोप्या घातलेले तीन म्हातारे स्वयंसेवक एका इंजिनापाशी गेले आणि पंख्याचं पातं दोन्ही हातांनी खाली ओढायला लागले. एक झालं, दुसरं, तिसरं. मग पुढचं इंजिन.

मंडळी, मी पन्नास वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावर पाहिलेलं तेच. अगदी तेच. मुलगा म्हणाला, बाबा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागतंय. मे महिन्यातलं तिथलं ऊन आपल्या डिसेंबरसारखं असतं, ही गोष्ट वेगळी.

आत कसं असतं ते सांगतो. मागच्या बाजूनं पोटाखालून वाकून चढायचं. आत अस्तर नाही, सीलिंग नाही, उघडा ॲल्युमिनियमचा पत्रा, बरगड्या, केबल, नळ्या. आपल्याकडे बॉयलरच्या पाठीमागं जी जागा असते, जिथं फक्त मेंटेनन्सवाले जातात, अख्खं विमान आतून तसं. जमिनीवरच बसायचं, पट्टा लावायचा. वास कसला? पेट्रोल, हायड्रॉलिक तेल, तापलेला पत्रा. इंजिनं सुरू झाली की कानात बोळे घालूनही आवाज छातीत येतो. टेक-ऑफला मात्र ते हळू वाटतं. आपल्या प्रवासी विमानासारखं पाठीत ढकलत नाही. धावतं, धावतं, आणि मग जमिनीची खडखड थांबते, तेव्हा कळतं की वर आलो.

वर गेल्यावर उठायला परवानगी. मागून पुढं जायचं तर बॉम्ब ठेवायच्या खणातून जावं लागतं. तिथं चालायला मधोमध एक पट्टी आहे, वीतभर रुंदीची. दोन्ही बाजूंना बॉम्ब टांगायचे सांगाडे, आणि खाली दारं. ही दारं म्हणजे आपल्या बाजारातल्या दुकानाच्या शटरसारखी, गुंडाळत वर जाणारी. पातळ. माणसाचं वजन पेलत नाहीत, म्हणून आधीच बजावतात, की पाय घसरला तरी दारावर टाकू नका. फटींतून खाली समुद्राची खाडी चमकताना दिसते. मी माझं हे पोट आत घेऊन, दोन्हीकडे धरत, आडवा होत पलीकडे गेलो. तेव्हा मनात आलं, वीस-एकवीस वर्षांची पोरं, जाड कपडे, पाठीवर पॅराशूट, अंधार, उणे तीस-चाळीसची थंडी, खालून तोफा, आणि ही वीतभर पट्टी. मी साडेचारशे डॉलर देऊन तिथं होतो. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या फेरीत एक बाई होत्या, सत्तरीच्या. त्यांचे वडील युद्धात लिबरेटरवर होते. वडील घरी कधी एक शब्द बोलले नाहीत, म्हणून त्या आल्या होत्या. पूर्ण वेळ त्या बाजूच्या मशीनगनच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या, पुढं आल्याच नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या, ‘आता कळलं, ते रेडिओ एवढा मोठ्यानं का लावायचे.’ त्या हसत होत्या, पण पुढं त्यांना बोलता आलं नाही.

उतरल्यावर मी गाइडला म्हटलं, माझा मामा भारतात या विमानांवर फिटर होता. तो माणूस थबकलाच. त्याला भारताची सगळी कथा माहीत होती. म्हणाला, ‘तुमच्या लोकांनी हे वाचवलं नसतं, तर आज माझ्याकडे दाखवायला काही नसतं.’ आणि त्यानं विचारलं, ‘तुमच्या मामांनी या विमानावर काम केलं होतं का? एचई ७७१?’

त्या प्रश्नाचं उत्तर निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होतं. आणि ती वही मी किलोच्या भावानं घातली होती. मी त्याला म्हटलं, ‘असेल कदाचित.’ दुसरं काय म्हणणार?

आणखी एक गोष्ट तिथं खटकली. विमानाच्या नाकावर ‘विचक्राफ्ट’ असं नाव रंगवलेलं होतं. हे नाव युद्धात १३० मोहिमा केलेल्या दुसऱ्याच एका लिबरेटरचं. ते इंग्लंडहून उडायचं, भारतात कधी आलंही नव्हतं. त्याच्या आधी याला ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ हे आणखी एका विमानाचं नाव होतं. आमची स्क्वाड्रन ड्रॅगन्स, पण तो ड्रॅगन वेगळा. दोष देत नाही मी. ज्यांनी पैसे आणि घाम घातला, त्यांनी आपल्या माणसांची आठवण रंगवली. ते रास्तच आहे. पण जतन म्हणजे काय, हा प्रश्न यातून उभा राहतो. यंत्र तेच राहिलं, आणि त्याच्या आयुष्यातली वीस वर्षं रंगाखाली गेली. आपल्या बाजूनं ती वर्षं सांगायला कोण उभं होतं? आपण तर वह्या रद्दीत देत होतो.

दुसरा प्रश्न याहून कठीण. हे उडवावं का? माझा पुतण्या इंग्लंडात लेस्टरला असतो. तो लिंकनशरमध्ये ईस्ट कर्कबी इथं जाऊन आला. तिथं पँटन नावाच्या दोन शेतकरी भावांनी एक लँकेस्टर बॉम्बर विकत घेऊन जुन्या धावपट्टीवरच ठेवलं, ‘जस्ट जेन’ नावाचं. त्यांचा थोरला भाऊ ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गच्या मोहिमेत मारला गेला होता. त्या एका रात्रीत ९५ विमानं परत आली नाहीत. तिथं प्रवाशांना हवेत नेत नाहीत. आत बसवून, चारही इंजिनं चालवून, जमिनीवरच फिरवून आणतात. पुतण्या म्हणाला, ‘काका, शेपूट उचललं जाईल असं वाटतं, आणि मग ते थांबतं. तिथंच पोटात खड्डा पडतो.’ कॅनडात हॅमिल्टनला मात्र लँकेस्टर सभासदांना घेऊन उडतं.

आणि उडवण्याची किंमत असते. २ ऑक्टोबर २०१९ ला, मी ज्या ताफ्यातून फेरी मारली त्याच ताफ्यातलं बी-१७ बॉम्बर कनेटिकटमध्ये ब्रॅडली विमानतळावर उतरताना कोसळलं. आत १३ जण होते, सात गेले. मी मॉफेटला या विमानाच्या सावलीत बसून डबा खाल्ला होता. सरकारी चौकशीत निघालं, की उजवीकडच्या दोन्ही इंजिनांची ताकद कमी झाली होती, परत येताना वैमानिकाकडून हाताळणीत चूक झाली, आणि देखभालीतल्या उणिवांनीही त्यात भर घातली. पुढे मार्च २०२० मध्ये त्या संस्थेची प्रवासी नेण्याची परवानगी काढून घेतली गेली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये डॅलसला हवाई कसरतींत दोन जुनी विमानं धडकली आणि सहा जण गेले.

मेंटेनन्सचा माणूस म्हणून सांगतो, ७५ वर्षांचं यंत्र चालतं, नक्की चालतं, पण ते रोज विचारावं लागतं. परवा ठीक होतं म्हणून आज ठीक असेल, हे चालत नाही. आणि त्यात तिकीट काढून बसलेला माणूस असेल, तर अजिबात नाही. मला तो अर्धा तास मिळाला, मी नशीबवान. पण तुम्ही आज मला विचाराल, तर मी ईस्ट कर्कबीच्या बाजूचा आहे. इंजिन चालवा, आवाज ऐकवा, जमिनीवरून फिरवा.

तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हे बॉम्बर आहे. ते काय करायचं, हे विसरून त्याच्या रिव्हेटांचं कौतुक करता येत नाही. ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं मेली. आणि त्यांनी टाकलेल्या बॉम्बखाली एकट्या ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ ला सुमारे २५,००० माणसं मेली. रंगूनवर आधी जपान्यांनी डिसेंबर १९४१ मध्ये बॉम्ब टाकले. तिथं गोदीत राबणारे बरेचसे भारतीयच होते. ते पायी डोंगर ओलांडत आसामकडे निघाले आणि वाटेत हजारोंनी मेले. मग आमच्या बाजूच्या लिबरेटरनी त्याच रंगूनवर बॉम्ब टाकले. खाली पुन्हा तीच गरीब माणसं. मी त्या वीतभर पट्टीवर उभा राहून फटीतून खाली पाहिलं, तेव्हा खाली घरं दिसत होती, रस्त्यावरच्या मोटारी दिसत होत्या. ते दृश्य मी विसरलेलो नाही. ज्यानं कुणी अशा विमानात फेरी मारली, त्यानं परत येऊन हेही सांगितलं पाहिजे.

आता शेवटचं, आणि ते दीपनगरचं.

आपला पहिला संच बंद झाला. त्यावर ज्यांनी हयात घालवली, त्यातले काही आज इथं समोर बसले आहेत. काही आपल्यात राहिले नाहीत. अख्खी यंत्रं जपणं आपल्या हातात नाही. भंगार हे भंगाराच्या भावानं जाणारच, कानपूरलाही तेच होणार होतं. पण तुमच्या घरी माळ्यावर काय आहे, ते तुमच्या हातात आहे. शिफ्टची डायरी, पहिल्यांदा संच ग्रिडला जोडला त्या रात्रीचा फोटो, ओव्हरहॉलच्या वेळी हातानं काढलेलं स्केच, कुठल्या पंपाचं बेअरिंग किती वेळा गेलं त्याची नोंद. तुम्हाला वाटेल, कुणाला हवेत हे आकडे? मलाही असंच वाटलं होतं. मग हजारो किलोमीटरवर एका अनोळखी माणसानं मला नेमका तोच आकडा विचारला.

म्हणून माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याचा तराजू दारात येईल, तेव्हा वही उघडून एकदा चाळा. नुसते आकडे दिसले, तरी ठेवा. आणि ठेवायला जागा नसेल, तर निदान फोन काढून पानापानाचे फोटो घ्या. मुलं, नातवंडं मदत करतील, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

मामाची ट्रंक अजून माझ्याकडे आहे. रिकामी आहे. तुमच्यापैकी कुणाकडे असं काही असेल आणि घरी जागा नसेल, तर माझ्याकडे आणून द्या. मी त्यात ठेवीन, यादी करीन, आणि रद्दीत देणार नाही, एवढा शब्द देतो.

बराच वेळ घेतला, उकाडाही आहे. बाहेर मठ्ठा ठेवला आहे, तो घेऊन जा.